सात मुलांची शाळा

शाळेच्या पहिल्या दिवसाला आता 'प्रवेशोत्सव' म्हणतात. आमच्या वेळी त्या दिवसाला काही नाव नव्हते. जूनच्या पहिल्या पावसात भिजत आलेली, धाय मोकलून रडणारी पोरे आणि त्यांना बखोटीला धरून आणणारे आजोबा, एवढाच काय तो उत्सव. २०२५ च्या जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्या दिवशी, आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावणे आले. गावातला निवृत्त शिक्षक म्हणून. दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण होते, फुगे होते, पायरीवर रांगोळी होती. नव्याने दाखल होणाऱ्या मुलांना माझ्या हस्ते गुलाबाचे फूल आणि पाठ्यपुस्तकांचा संच द्यायचा होता. मी खुर्चीवरून उठलो. बाईंनी पहिले नाव पुकारले. एक चिमुरडा आईच्या पदरामागून पुढे आला. मी फूल दिले, पुस्तके दिली आणि दुसऱ्या नावाची वाट पाहत उभा राहिलो.

दुसरे नाव नव्हतेच. यंदा पहिलीत एकच मूल. पहिली ते चौथी मिळून सात. तोरणाला बांधलेले फुगे मी नंतर मोजले. ते अकरा होते.

हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटलेले. चार वाड्या, मध्ये एक वहाळ, वहाळावर साकव. मी याच शाळेत १९६६ साली पहिलीत बसलो. तेव्हा चार वर्ग, एक गुरुजी आणि चौसष्ट मुले होती. पुढे मीही प्राथमिक शिक्षक झालो. १९८१ पासून सदतीस वर्षे जिल्ह्यातल्या सहा शाळांतून शिकवले आणि २०१८ साली निवृत्त होऊन वडिलोपार्जित घरी परतलो. त्यामुळे 'मराठी शाळा बंद पडताहेत' ही ओरड मी वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा मला ती दुसऱ्या कोणाची बातमी वाटत नाही. ती माझ्या घरची गोष्ट आहे. आणि घरच्या गोष्टीत दोष नेहमी शेजाऱ्याचाच असतो असे नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

रजिस्टरात लिहिलेला गावाचा इतिहास

कार्यक्रम आटोपल्यावर बाईंनी कपाट उघडून दाखल-खारीज रजिस्टर काढले. (मुले त्यांना 'मॅडम' म्हणतात. मी मात्र जुन्या सवयीने 'बाई'च म्हणतो.) त्या मराठवाड्यातल्या, नोकरीसाठी इतक्या दूर आलेल्या. एका माणसाला जन्मतारखेचा दाखला हवा होता आणि जुने मोडीवळणाचे अक्षर त्यांना लागेना. मी चष्मा लावून बसलो तो दुपारपर्यंत उठलोच नाही.

ज्यांनी हे रजिस्टर कधी पाहिले नसेल त्यांना सांगतो. गावाचा खरा इतिहास ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडत नाही, तो इथे सापडतो. पहिली पाने लोकल बोर्डाच्या काळातली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि पानांवरचा शिक्का बदलला. जन्मतारखेच्या रकान्यात पानेच्या पाने '१ जून'. कारण पालकांना तारीख ठाऊक नसे आणि गुरुजींना मूल सहा वर्षांचे दाखवायचे असे. आमच्या पिढीतला निम्मा गाव १ जूनला जन्मला, तो गुरुजींच्या कृपेने.

पण सर्वांत बोलका रकाना म्हणजे 'शाळा सोडल्याचे कारण'. 'मुंबईस गेला.' 'मुंबईस गेली.' 'मुंबईस गेला.' वरपासून खालपर्यंत तेच. बाप गिरणीत लागला, खोली मिळाली, की बिऱ्हाड हलायचे आणि इथे एक ओळ खोडली जायची. मधेच १९८२-८३ च्या पानांवर उलटा प्रवाह दिसतो. परळ, लालबाग, शिवडीच्या शाळांचे दाखले घेऊन मुले भर वर्षात दाखल झालेली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटता मिटेना आणि चाकरमान्यांनी बायकामुले गावी पाठवली. संप, टाळेबंदी, बेकारी यांतला एकही शब्द रजिस्टरात नाही. फक्त नावे वाढलेली. १९८८ साली पट एकाहत्तर. या शाळेचा तो उच्चांक.

तिथून उतरण लागते. २००० साली त्रेचाळीस. २०१० साली बावीस. मी परतलो तेव्हा अकरा. आणि मग पुन्हा एक लाट. २०२० साली टाळेबंदी लागली, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीची पोरे आजीआजोबांकडे आली आणि पट सोळावर गेला. मला वाटले, शाळेने बाळसे धरले. कसले बाळसे आणि कसले काय! २०२२ च्या जूनमध्ये त्याच जुन्या रकान्यात तेच जुने शब्द पुन्हा उमटले. 'मुंबईस गेला.'

ही लाट आमच्याच गावात आली असे नाही. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाची शंभरातली ६५ ते ६६ मुले २०१८ मध्ये सरकारी शाळेत होती. २०२२ मध्ये ती जवळपास ७३ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६७ च्या घरात आली. संकट आले की माणसे सरकारी शाळेच्या दारात येतात आणि संकट सरले की निघून जातात. धर्मशाळेसारखे.

मुले गेली कुठे?

शाळा का रोडावली, असे गावात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले: "इंग्रजी शाळेने खाल्ली." हे खरे आहे, पण पुरते खरे नाही. मी शिक्षक असल्याने मला मोजदादीची खोड आहे. एका दुपारी छत्री घेऊन चारही वाड्या फिरलो आणि पहिली ते चौथीच्या वयाची मुले मोजली. सगळ्या गावात मिळून भरली अठरा. म्हणजे उद्या सगळ्यांनी इंग्रजी शाळेकडे पाठ फिरवली आणि एकूण एक मूल आमच्या शाळेत आणून बसवले, तरी पट अठराच. माझ्या वेळचे चौसष्ट आणायचे कुठून?

मुले मुळात जन्मालाच कमी येत आहेत. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी जवळजवळ तीन मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. 'दोन पुरेत' असे भिंतीभिंतींवर आम्हा शिक्षकांकडूनच लिहून घेतले गेले होते, लोकांनी ते ऐकले. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. शिवाय कोकणाचे म्हणून एक वेगळे दुखणे आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही घटली. सगळा देश वाढत असताना हे दोन जिल्हे आटत होते. रस्ता झाला, वीज आली, १९९८ पासून कोकण रेल्वे धावू लागली. रेल्वेने माणसे गावी येतील असे म्हणत होते. ती येतात, गणपतीला आणि शिमग्याला. मग परत जातात, आणि जाताना तरणी जोडपी घेऊन जातात.

राहता राहिली अठरा मुले. त्यातली सात आमच्या शाळेत. बाकीची अकरा रोज सकाळी पावणेआठला साकवापलीकडे उभ्या राहणाऱ्या पिवळ्या गाडीत बसून नऊ किलोमीटरवरच्या बाजारपेठेच्या गावी जातात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. त्या अकरांत माझ्या सख्ख्या पुतण्याची मुलगी आहे. आम्ही एकाच घरात राहतो.

एकदा ओटीवर बसलो असताना मी विषय काढला. "अरे, शाळा दोन ढांगांवर आहे. पोरीला एवढ्या लांब कशाला धाडतोस? पैसे का वर आलेत?"

पुतण्या गरीब स्वभावाचा. कधी उलटून बोलत नाही. तो शांतपणे म्हणाला, "काका, एक विचारू? दादा आणि अण्णा कुठल्या शाळेत शिकले?"

दादा आणि अण्णा म्हणजे माझे दोन मुलगे. माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण उत्तर त्याला ठाऊकच होते. थोरल्याला मी तालुक्याच्या गावच्या नावाजलेल्या खासगी मराठी शाळेत घातले आणि धाकट्याला १९९४ साली तिथे निघालेल्या नव्या इंग्रजी शाळेत. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो, लोकांच्या मुलांना तिथे या म्हणून वाडीवाडीने हिंडत होतो आणि माझी मुले मात्र दुसरीकडे. मी एकटाच नव्हे. माझ्याबरोबरीच्या किती शिक्षकांनी, किती ग्रामसेवकांनी, सभापतींनी हेच केले! गावाने ते पाहिले. खाणावळीचा मालक स्वतः दुसरीकडे जेवायला जात असेल, तर गिऱ्हाइकाने काय समजावे?

शाळेत शिकतात तरी किती?

पटाचे झाले. आता शिकण्याचे पाहू. सात मुले असली तरी ती शिकतात का, हा खरा प्रश्न. जुलैत बाईंच्या परवानगीने मी आठवडाभर वर्गात मागे जाऊन बसलो.

एक बाई आणि चार इयत्ता. पहिलीच्या एकट्या पोराला त्या बाराखडी गिरवायला देतात, तेवढ्यात दुसरीची दोघे वजाबाकी दाखवायला येतात, तिसरीची एक मुलगी धडा वाचत असते आणि चौथीचे तिघे गणित अडले म्हणून गप्प बसलेले. अशा एकशिक्षकी शाळेत शिकवणे म्हणजे एका चुलीवर चार भांडी ठेवण्यासारखे, एक उतू गेल्याशिवाय दुसऱ्याकडे लक्ष जात नाही. त्यातच फोन वाजतो. अमुक माहिती दुपारी दोनपर्यंत भरा. पोषण आहाराची आजची संख्या कळवा. छायाचित्र पाठवा. बाई मोबाइल घेऊन रेंज शोधत आंब्याखाली जातात आणि चारही भांडी तशीच राहतात. महिन्यातून दोनदा बैठक, त्या दिवशी शाळा स्वयंपाकीण ताईंच्या भरवशावर.

असे असूनही तिसरीतली ती मुलगी खडखडीत वाचते. मी चौथीचे पुस्तक उघडून पुढे केले, तेही तिने न अडखळता वाचले आणि 'वाचलेस त्यात काय झाले?' विचारताच स्वतःच्या शब्दांत सांगितले. उलट चौथीच्या तिघांपैकी दोघांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येईना. भागाकार म्हटले की ते बोटांकडे पाहत. हे लपवून उपयोग नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा धडा वाचता येणारी साधारण २३ निघाली. पालक आकडे वाचत नसतील, पण आपल्या पोराला भागाकार येत नाही एवढे त्यांना कळते.

मग इंग्रजी शाळेत ते येते का? माझी नात, म्हणजे पुतण्याची मुलगी, दुसरीत आहे. तिचे इंग्रजी पुस्तक ती मला मोठ्या ऐटीत वाचून दाखवते. मी अर्थ विचारला की म्हणते, "आजोबा, तो मॅडम सांगतात." माझ्या हातातल्या वर्तमानपत्राचा मथळा तिला लावता येत नाही. पण हेही खरे की ती पाहुण्यांसमोर बुजत नाही, संमेलनात नाचते, तिच्या वर्गात तिच्या वयाच्या पंचवीस मुली आहेत आणि घरी आल्यावर त्यांच्याबद्दल बोलताना ती थकत नाही. आमच्या शाळेतल्या तिसरीच्या मुलीला तिच्या वर्गात मैत्रीणच नाही. सात मुलांत कबड्डीचा एक संघ होतो, समोर खेळायला कोणी नाही.

एकत्र करायच्या की जोडायच्या?

ऑगस्टमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी विषय मांडला. कमी पटाच्या शाळा एकत्र करून बाजारपेठेच्या गावी एक मोठी शाळा करता येईल का, गावाचे मत काय. त्यांची मांडणी सभ्य होती आणि मुद्दे खोटे नव्हते. प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल, संगणक असेल, मैदान असेल, सोबती असतील, जाण्यायेण्याची सोय होईल.

राज्यात हा विषय नवा नाही. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा मोठा गदारोळ उठला होता. २०२३ मध्ये 'समूह शाळा' हे नाव घेऊन विषय परत आला. त्या वेळी वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात पावणेपंधरा हजारांच्या आसपास आणि त्यातली मुले सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार असल्याचे प्रसिद्ध झाले होते. एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले. खर्चाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला हा अपव्यय वाटणार, हे मला समजते.

पण या शाळा डोंगरात कशासाठी गेल्या होत्या, हेही आठवले पाहिजे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून निवेदन दिले. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर ते सक्तीचे व मोफत केले. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात तेच केले. त्यामागचे सूत्र सरळ होते. गरिबाचे मूल शाळेपर्यंत चालत जाईल याची खात्री नसते, म्हणून शाळेने त्याच्यापर्यंत चालत जायचे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातही पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हे तत्त्व मानले गेले. आमच्या वरच्या वाडीहून बाजारपेठेचे गाव दहा किलोमीटर पडते. पावसाळ्यात वहाळ भरला की साकवावरून मोठ्या माणसाचे पाय लटपटतात. तिथे सहा वर्षांचे पोर!

मधला मार्ग नाही असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने १९६६ सालीच 'शालेय संकुला'ची कल्पना मांडली होती. लहान शाळा जागच्या जागी ठेवायच्या आणि जवळच्या मोठ्या शाळेशी जोडायच्या, म्हणजे प्रयोगशाळा, ग्रंथालय, कुशल शिक्षक सर्वांना वाटून मिळतील. शाळा उचलून नेणे वेगळे आणि शाळा जोडणे वेगळे. आठवड्यातून एक दिवस चार गावांची मुले एकत्र आणा, कबड्डी खेळवा, गणिताचा एक चांगला शिक्षक चार शाळांत फिरवा. याला इमारत लागत नाही, एक गाडी आणि थोडी इच्छा लागते.

कोणी म्हणेल, एखादा चांगला गुरुजी मिळाला तर शाळा पुन्हा भरते. भरते, खरेच भरते. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत गावकऱ्यांनी जमीन दिली, शिक्षकांनी जीव ओतला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये जगातल्या उत्कृष्ट शिक्षकाच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची, पट बोटांवर मोजण्याइतका उरलेली शाळा २०२५ मध्ये जागतिक शालेय पुरस्कारांच्या यादीत पोहोचली. हे सगळे अभिमानाचे आहे. पण हजारो शाळांचा गाडा अपवादांवर चालत नाही. मी सदतीस वर्षांत मध्यम शिक्षक होतो, माझ्यासारखेच बहुसंख्य असतात. आमच्यासारख्या मध्यम माणसांच्या हातूनही शाळा चालली पाहिजे, अशी व्यवस्था हवी.

पटावर होते, वर्गात नव्हते

हे सगळे मी सभेत बोललो. शिक्षक असल्याने जरा लांबलेच. मी बसल्यावर वरच्या वाडीतली एक बाई उठली. समितीची सदस्य. तिसरीतल्या त्या खडखडीत वाचणाऱ्या मुलीची आई.

"गुरुजी, मना ओळखलंत काय?" तिने विचारले. मी मान हलवली. तिने माहेरचे गाव सांगितले. मी ज्या दुसऱ्या तालुक्यात आठ वर्षे शिकवले, तेच गाव.

"मी तुमच्याच शाळंतली. पटावर होते. वर्गात नव्हते. माझा दाखला हाय, चौथी पास. पण मना वाचता येत नाय."

सभेत कोणाला त्याचा अर्थ कळला असेल-नसेल. मला कळला.

१९९६ सालची गोष्ट. त्या शाळेचा पट घसरत चालला होता. पट घसरला की दुसऱ्या शिक्षकाचे पद धोक्यात येई. माझा जोडीदार शिक्षक तरुण, त्याची आई आजारी, बदली झाली तर तो कोलमडला असता. म्हणून मी नऊ नावे पटावर तशीच ठेवली. सहा मुंबईला गेलेली आणि तीन शाळेत न येणारी. १९९५ पासून मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला होता, त्याला ऐंशी टक्के हजेरीची अट होती. मी त्या नऊ जणांची हजेरी नेहमी त्याच्या खाली दाखवी, म्हणजे त्यांच्या नावचा तांदूळ उचलला जाऊ नये. आपण खाल्ले तर काही नाही, मग पाप कसले, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली होती. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली आणि लाखो नावांची मुले वर्गात सापडली नाहीत, तेव्हा मी दुसऱ्या शाळेत होतो आणि माझा पट चोख होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

पण त्या तीन न येणाऱ्यांपैकी ही एक होती. घरी धाकटा भाऊ, त्याला सांभाळायला ती. शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली तेव्हा तिचे नाव त्या यादीत आलेच नाही. येणार कसे? माझ्या हजेरीपत्रकात ती शाळेत होती. तिला शोधायला कोणीही गेले नाही, कारण मी तिला 'हजर' लिहिले होते. वर्षामागून वर्ष वर चढवत मी तिला चौथी पास करून टाकले. मुलींना शाळेत टिकवण्यासाठी सरकार दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देत होते, आणि मी हजेरीपत्रकातल्या एका रेघेने एक मुलगी घालवली.

ती पुढे एवढेच म्हणाली, "ही शाळा घराजवळ हाय म्हणून माझी पोर शिकत्ये. बाजारात नेलीत तर चार दिस जायल, पाचव्या दिशी पाऊस लागंल नि घरी बशेल. मग ती पण पटावर ऱ्हाईल. माझ्यासारखी."

अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. सभेने ठराव केला की शाळा आहे तिथेच राहावी, दुसरा शिक्षक मिळावा आणि महिन्यातून दोनदा आसपासच्या शाळांची मुले एकत्र आणावीत. ठरावाचे पुढे काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. कदाचित शाळा टिकेल. कदाचित यंदाचा तो पहिलीतला चिमुरडा चौथीला जाईपर्यंतच टिकेल.

सभा उठल्यावर मी तिच्याकडे गेलो. काय बोलावे सुचेना. "माझी चूक झाली," एवढेच म्हणालो. ती ओशाळली. गुरुजींनी असे म्हणायचे नसते, असे काहीसे पुटपुटली. मग म्हणाली, "पोरीला भागाकार शिकवाल काय? मॅडमना येळ नाय होत."

तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी मी शाळेत जातो. भागाकार चिंचोक्यांवर शिकवतो. सात मुलांत एकवीस चिंचोके वाटले तर प्रत्येकाला किती, हे आता पहिलीतल्यालाही सांगता येते. दिवाळीनंतर पुतण्याही एकदा खिडकीशी येऊन थोडा वेळ उभा राहिला. काही बोलला नाही. त्याच्या मुलीची गाडी अजूनही पावणेआठलाच येते, आणि मीही त्याला काही विचारले नाही. तो हक्क मी तीस वर्षांपूर्वीच गमावला आहे.

परवा बाईंना तालुक्याला बैठक होती. म्हणाल्या, "गुरुजी, हजेरी तेवढी घ्याल?" हजेरीपत्रक माझ्या हाती आले आणि क्षणभर माझा हात थांबला. मग मी एकेक नाव मोठ्याने वाचले. प्रत्येक नावाला मान वर करून चेहरा पाहिला. सहा आवाज आले. सातव्या नावाला आवाज आला नाही. तिसरीतली ती मुलगी आली नव्हती.

मी त्या चौकोनात गैरहजरची खूण केली. हजेरीपत्रक मिटले, स्वयंपाकीण ताईंना मुलांकडे लक्ष ठेवायला सांगितले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि वरच्या वाडीची वाट धरली.